घटस्फोटाच्या वाटेवर असलेल्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घटस्फोट ठरला की घरात पहिली बैठक बसते ती चूक कुणाची आणि दागिने कुणाकडे यावर. मुलांनी राहायचं कुठे, शाळा तीच ठेवायची का, सुट्टीत कुणाकडे जायचं, हे विषय सगळे थकून उठायला लागले की निघतात. इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी मुलांचं, मग कोर्टाचं, मग पैशाचं. प्रत्यक्ष बोलणीही याच क्रमाने करावीत असं आमचं ठाम मत आहे, कारण मुलांबद्दल एकमत झालं की उरलेल्या विषयांतला विखार निम्मा होतो. उत्तरं मुख्यतः १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याला आणि महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांना धरून आहेत. इतरांसाठी पुढे वेगळा प्रश्न घेतला आहे.

मुलांना कधी आणि कसं सांगायचं?

वेगळं राहायचं नक्की झाल्यावर, पण बॅगा भरायच्या आधी. दोघांनी एकत्र बसून सांगता आलं तर फार चांगलं. एकमेकांचं तोंड बघवत नसलं तरी या एका तासासाठी बसा. काय बोलायचं ते आदल्या दिवशी ठरवून घ्या आणि त्यापलीकडे जाऊ नका.

लहान मुलाला कारणं नको असतात. त्याला उद्याचं कळायला हवं असतं: मी कुठे झोपणार, शाळेच्या रिक्षातून मला कोण उतरवून घेणार, बाबा रविवारी येणार का, माझी सायकल कुठे राहणार. ही उत्तरं तयार ठेवा. "आम्ही दोघं आता एका घरात राहणार नाही. तुझी आई आणि तुझे बाबा मात्र आम्हीच राहणार. यात तुझं काही चुकलेलं नाही." हे शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. सहा-सात वर्षांची मुलं मनातल्या मनात हिशोब घालतात, की मी अभ्यास केला नाही म्हणून भांडण झालं, मी हट्ट केला म्हणून बाबा गेले. ती बोलून दाखवत नाहीत, त्यामुळे त्यांनी विचारायची वाट बघू नका.

दहावी-बारावीतल्या मुलांना बहुधा आधीच सगळं माहीत असतं. त्यांच्यापासून लपवलं याचा राग त्यांना घटस्फोटापेक्षा जास्त येतो. त्यांना खरं सांगा, पण थोडक्यात. सोळा वर्षांच्या मुलीला आईने आपली मैत्रीण करून रात्री दोन वाजेपर्यंत मन मोकळं करणं मुलीला झेपत नाही, ती कितीही समंजस वाटली तरी.

"बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत" ही थाप मात्र कुणीच मारू नये. शेजारच्या काकूंकडून खरं कळतं तेव्हा मुलाचा दोघांवरचाही विश्वास उडतो.

मूल विचारतं, "चूक कोणाची?" काय सांगावं?

"आमचं दोघांचं जमलं नाही" एवढं पुरे. फसवणूक झाली असेल, मार खाल्ला असेल, तर हे वाक्य तोंडातून निघणं किती कठीण आहे याची आम्हाला कल्पना आहे. पण मूल स्वतःला दोघांचं मानतं. बापाला नालायक म्हटलं की त्याला आपला अर्धा भाग नालायक वाटतो. घरात मारहाण मुलाने डोळ्यांनी पाहिली असेल तर ती झालीच नाही असं भासवू नका. "ते चुकीचं होतं, म्हणून आपण इथे आलो, इथे तू सुरक्षित आहेस," असं स्पष्ट सांगा.

मुलाच्या हातून निरोप पाठवू नका. "बाबाला सांग फी भरायचीय" हे वाक्य व्हॉट्सॲपवर तुम्हीच लिहा. भेटीहून परतल्यावर "तिथे कोण आलं होतं, काय जेवण होतं, नवी गाडी घेतली का" अशी उलटतपासणी नको. आणि मुलाला समोर बसवून आई-बाबांविरुद्ध बोलायला लावून मोबाईलवर रेकॉर्डिंग करणं तर अजिबात नको. जोडीदाराशी झालेल्या बोलण्याचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं आहे. तो निकाल नवरा-बायकोच्या संभाषणाबद्दल आहे. त्याचा आधार घेऊन मुलाला साक्षीदार बनवू नका.

ताबा कुणाला मिळतो? पाच वर्षांखालचं मूल आईकडेच जातं का?

१९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. "सामान्यतः" म्हणजे नेहमीच असं नाही. त्याच कायद्यात मुलाचं हित सर्वांत वरचं मानलं आहे. न्यायालय बघतं ते हे: आजवर मुलाचं रोजचं कोण करत आलं, शाळा कुठे आहे, घरात कोण असतं, दुसऱ्या पालकाला भेटू देण्याची तयारी आहे का. मूल विचार करून सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायाधीश त्याच्याशीही बोलतात, पण मुलाच्या पसंतीवर निकाल अडून नसतो. कमावती आई किंवा कमी पगाराचा बाप एवढ्यावरून ताबा जात नाही. खर्चासाठी पोटगीचा मार्ग आहे.

ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो.

भेटींचं वेळापत्रक कसं ठरवावं?

जितकं बारीक तितकं बरं. संमतीपत्रात, म्हणजे सगळे ज्याला "कन्सेंट टर्म्स" म्हणतात त्यात, "वडिलांना मुलीला भेटता येईल" एवढंच लिहून बाहेर पडलेली जोडपी पुढे दर सणाला भांडतात. शनिवारी किती वाजता, कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं, उशीर झाला तर फोन कुणी करायचा, हे लिहा. मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी करा. दिवाळीत एक वर्ष नरकचतुर्दशी आईकडे आणि भाऊबीज बाबांकडे, पुढच्या वर्षी उलट, असं करता येतं. गणपती एका घरी दीड दिवसाचा आणि दुसऱ्या घरी पाच दिवसांचा असेल तर तोही विचार करा. मुलाचा वाढदिवस, शाळेचं स्नेहसंमेलन, मुंज, आजारपणात दवाखान्यात कोणी थांबायचं, शाळेच्या आणि डॉक्टरांच्या निर्णयात दोघांचं मत घ्यायचं की नाही, परदेशी न्यायचं तर लेखी संमती, हे सगळं त्यात यावं.

लांब राहणाऱ्या पालकासाठी व्हिडिओ कॉलचे दिवस आणि वेळा ठरवून घ्या. मुलाला दोन्ही पालकांचा सहवास मिळायला हवा आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेव्हा फोनवरून किंवा व्हिडिओवरून संपर्क राहायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या यशिता साहू प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

पोटगी थकली म्हणून भेट बंद करू नका, आणि भेट दिली नाही म्हणून पोटगी थांबवू नका. दोन्हींसाठी न्यायालयात वेगवेगळे अर्ज करता येतात. या ओढाताणीत रविवारी तयार होऊन दाराशी बसून राहतं ते मूल.

शाळेत सांगावं का?

वर्गशिक्षिकेला जरूर सांगा, बाकी गाजावाजा नको. मुलाला न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं शाळेत लेखी द्या. निकालपत्र आणि पालकसभेचे निरोप दोघांनाही जावेत अशी विनंती करा.

सहमतीने घटस्फोटाला किती वेळ लागतो?

कलम १३-ब खाली अर्ज करायला आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचं आणि मग दोघांनी पुन्हा येऊन "आमची संमती कायम आहे" असं सांगायचं. अठरा महिन्यांच्या आत हे व्हायला हवं. सहा महिन्यांची अट माफ करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात दिला. दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे राहिलेले, मुलांचं आणि पैशाचं सगळं मिटलेलं आणि समझोत्याचे प्रयत्न संपलेले असतील, तर माफीचा अर्ज करा. मंजूर करायचा की नाही हे न्यायाधीश ठरवतात.

हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून सगळी रक्कम पहिल्याच तारखेला देऊन टाकू नका, आणि शेवटच्या तारखेपर्यंत सगळी अडवूनही धरू नका. टप्पे पाडून, धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने), लेखी पोच घेऊन व्यवहार करा.

आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहतो. वेगळं घर परवडत नाही. मग "वेगळं राहणं" कसं दाखवणार?

मुंबई-पुण्यात हा प्रश्न अगदी रोजचा आहे. वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न नांदणं. एका छताखाली राहूनही ते असू शकतं, हे १९९१ पासून मान्य झालेलं आहे. मात्र तारीख दोघांनी एकच सांगावी आणि ती खरी असावी.

समोरचा तयारच नसेल तर?

मग कलम १३ खाली कारण सिद्ध करावं लागतं: क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग (जोडीदाराला सोडून जाणं), विवाहबाह्य शरीरसंबंध, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार आणि आणखी काही. लग्नाला वर्ष व्हायच्या आत अर्ज करायला न्यायालयाची खास परवानगी लागते. "लग्न मोडून गेलंय, आता जोडणं शक्य नाही" हे आपल्या कायद्यात अजून स्वतंत्र कारण नाही. सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ ने दिलेल्या खास अधिकारात त्यावर घटस्फोट देऊ शकतं, असा घटनापीठाचा निकाल २०२३ मध्ये झाला. तो अधिकार कौटुंबिक न्यायालयाला नाही.

लढवलेला खटला वर्षानुवर्षं चालतो, हे आधीच मनाशी धरा. लढायची वेळ आली तरी मध्यस्थीचं दार उघडं ठेवा. अनेक खटले चार तारखांनंतर दोघंही दमले की सहमतीत बदलून घेतले जातात.

गावात बैठक बसवून स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी झाली आहे. ती चालते का?

सहसा नाही. नोटरी केली, पाच पंचांच्या सह्या घेतल्या, तरी तो घटस्फोट नव्हे. काही समाजांत काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि कायद्याने रूढीला जागा ठेवली आहे, पण ती रूढी सलग चालत आलेली आहे हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं आणि ते सोपं नाही. असल्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरू शकतं, वर द्विभार्या प्रतिबंधाचा गुन्हाही लागतो. जात पंचायत दंड मागत असेल किंवा वाळीत टाकायची धमकी देत असेल, तर महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार करता येते.

समुपदेशकाकडे पाठवलंय. जबरदस्तीने नांदायला लावतील का?

नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात समझोत्याचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, म्हणून दोघांना विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. तिथे मन मोकळं करा. ते बोलणं गोपनीय असतं. नांदायचं नसेल तर स्पष्ट सांगा, आणि मुलांच्या भेटींचं वेळापत्रक आखायला त्यांची मदत घ्या. हे काम ते फार चांगलं करतात आणि लोक त्याचा उपयोगच करून घेत नाहीत.

वकील लागतोच का?

कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही, परवानगीने घेता येतो. सहमतीच्या साध्या प्रकरणात स्वतः उभं राहता येतं, तरी संमतीपत्र एकदा जाणत्या वकिलाच्या नजरेखालून घाला. स्त्रियांना, त्यांचं उत्पन्न कितीही असलं तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. दूरध्वनी १५१००.

पोटगी किती मिळते?

ठरीव सूत्र नाही. "पगाराचा चौथा हिस्सा" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दोघांचं उत्पन्न, राहणीमान, मुलांचा खर्च, आई-वडिलांची जबाबदारी, कर्जं, संसारासाठी सोडलेली नोकरी, हे सगळं बघून रक्कम ठरते. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही मालमत्तेचं आणि कर्जांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. खोटं प्रतिज्ञापत्र उघडं पडलं की सगळ्या केसवरचा विश्वास जातो. बायको कमावती असेल म्हणून तिचा हक्क आपोआप संपत नाही, आणि गरजू नवऱ्यालाही कलम २४ खाली अंतरिम, म्हणजे खटला चालू असेपर्यंतची, पोटगी मागता येते.

मुलांच्या रकमेत वाढ कशी होणार ते आत्ताच लिहून घ्या. आज पहिलीतल्या मुलाची फी आणि बारा वर्षांनी इंजिनिअरिंगची फी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एकरकमी तडजोडीत हा भाग सर्वांत जास्त वेळा सुटतो.

दागिने आणि लग्नातल्या वस्तू?

स्त्रीधन पूर्णपणे स्त्रीचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात सांगितलं. माहेरचे आणि सासरचे, दोन्हीकडून तिला दिलेले दागिने त्यात येतात. लग्नाचे फोटो, सराफाच्या पावत्या, लॉकरची नोंद जमवून ठेवा. भांडी आणि सोफ्यासाठी मात्र सहा तारखा घालवू नका.

फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, कर्जही दोघांचं आहे.

तुमच्या आपसातल्या कराराने बँक बांधली जात नाही. "हप्ते तो भरेल" असं हुकमात लिहिलं तरी हप्ता चुकला की बँक दोघांना नोटीस काढते. म्हणून कर्जातून एकाचं नाव काढायला बँकेची लेखी मान्यता आधी मिळवा. हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत दस्त हवा आणि नंतर सोसायटीतली नोंदही बदलायला हवी. राहतं घर पती-पत्नीत बक्षीसपत्राने द्यायचं असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र पडतं. ही सवलत नवरा-बायको असेपर्यंतच आहे, तेव्हा दस्त हुकमाच्या आधी करायचा की नंतर हे वकिलाशी बोलून ठरवा.

घरातून हाकलून दिलंय, मारहाण होते. आधी काय करू?

आधी जीव, मग केस. ११२ वर फोन करा, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. सरकारी दवाखान्यात तपासून घेऊन कागद ठेवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून संरक्षण, राहण्याचा हक्क, मुलांचा तात्पुरता ताबा आणि खर्च मागता येतो. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर, म्हणजे सुनेला राहण्याचा हक्क मागता येईल असं घर, ठरू शकतं, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. पुणे, नागपूर अशा शहरांत पोलिसांचा भरोसा सेल, म्हणजे महिलांना मदत करणारा कक्षही आहे. अशा नात्यात "एकदा बसून बोला" हा सल्ला नातेवाइकांनी देऊ नये.

आमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली नाही. किंवा आम्ही परदेशात आहोत.

नोंदणी विवाहाला १९५४ चा विशेष विवाह कायदा लागू होतो आणि त्यातही सहमतीची सोय आहे. ख्रिश्चनांसाठी १८६९ चा कायदा आहे, पारशांसाठी १९३६ चा. मुस्लिम स्त्रियांना १९३९ च्या कायद्याने घटस्फोट मागता येतो, खुला (बायकोने मागून घेतलेला घटस्फोट) आणि मुबारात (दोघांच्या संमतीने घेतलेला) हेही मार्ग आहेत, आणि एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ पासून गुन्हा आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्तेत पती-पत्नीचा निम्मा-निम्मा हिस्सा असतो, त्यामुळे गोव्यातलं लग्न असेल तर तिथल्याच वकिलाकडे जा.

न्यू जर्सी किंवा लंडनच्या न्यायालयाचा एकतर्फी हुकूम इथे आपोआप मान्य होत नाही, हे १९९१ पासून ठरलेलं आहे. मुलाचा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही. दुसऱ्या पालकाला न सांगता मुलाला घेऊन विमानात बसण्याआधी दोन्ही देशांतल्या वकिलांशी बोला.

मुलगी माहेरी परत आलीय. आम्ही आई-वडिलांनी काय करावं?

तिला तिची खोली द्या, कपाटाची किल्ली द्या. पहिले काही आठवडे "पुढे काय?" विचारू नका. पाहुण्यांना काय सांगायचं ते तिला विचारून ठरवा आणि मग घरातल्या सगळ्यांनी तेच सांगा. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला तिला मागे बसवू नका. कुणी बसवलं तर तुम्ही उठून तिला पुढे बोलवा. भाऊ-भावजयीशी घराविषयी स्पष्ट बोलणं लवकर करा, नाहीतर त्या घरात ती पाहुणी होऊन राहते.

मुलाच्या आई-वडिलांनाही हेच. पुरुष रडत नाही म्हणून त्याला लागलं नाही असं नसतं. तो जेवत नाही, रोज पितोय, कामावर जात नाही, याकडे लक्ष ठेवा.

वकिलाच्या भेटीला दोन्हीकडचे मामा-काका घेऊन जाऊ नका. जितकी माणसं, तितकी तडजोड लांबते.

झोप लागत नाही, कशातच मन नाही. हे नेहमीचं आहे का?

काही महिने असं होणं स्वाभाविक आहे. स्वतः मागितलेल्या घटस्फोटानंतरही दुःख होतं, आणि ते झालं म्हणून निर्णय चुकला असा अर्थ होत नाही. पण आठवडेच्या आठवडे झोप नसेल, मुलांचं करणं जमत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही. कोर्टात हे वापरतील म्हणून डॉक्टरकडे न जाणारे बरेच भेटतात. नैराश्यावर उपचार घेतले एवढ्यावरून कुणाचा ताबा जात नाही, उपचार न घेता मुलाकडे दुर्लक्ष झालं तर मात्र अडचण होते.

हुकूम हातात आला. आता?

प्रमाणित प्रती चार-पाच काढून ठेवा, पुढे जागोजागी लागतात. विमा, पीएफ, बँक, म्युच्युअल फंड यांतली नामनिर्देशनं आपोआप बदलत नाहीत, ती त्याच महिन्यात बदला. मृत्युपत्र केलं असेल तर नवं करा. माहेरचं नाव पुन्हा लावायचं असेल तर राजपत्रात नोंद करून घ्या. लढवलेल्या खटल्यात अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करू नका, ती नव्वद दिवस धरून चाला. सहमतीच्या हुकमावर अपील नसतं.

आम्ही आजी-आजोबा. नातवाला भेटायचा आम्हाला हक्क आहे का?

वेगळा, लिहिलेला हक्क नाही. पण न्यायालय मुलाचं हित बघून परवानगी देऊ शकतं, आणि संमतीपत्रात तुमचं नाव घालता येतं: महिन्यातला एक रविवार, सुट्टीतला एक आठवडा. ते घालायला सांगा. सुनेशी किंवा जावयाशी या काळात तोंड सोडलं नसेल तर ही ओळ सहज लिहिली जाते. भेटीला आलेल्या नातवाशी खटल्याबद्दल बोलू नका, त्याच्या आवडीचं करून घाला आणि ठरलेल्या वेळेला सोडायला जा.